मलमलीचं टोपडं

कुंपणापलीकडच्या हिरवळीवर चार पायांची एक पांढरी पेटी उभी होती. बाजूंना फटीफटींच्या झडपा, वर छोटंसं छप्पर. त्या रस्त्याने जाताना तिला रोज वाटायचं, आत कबुतरं असतील. नाहीतर मधमाश्या. पण विचारायला तिथे कुणी दिसायचं नाही, आणि थांबायला तिला वेळ नसायचा. आरोग्य केंद्रातून निघालेल्या परिचारिकेला दुपारपर्यंत तीस घरं करायची असतात.

त्या दुपारी मात्र ती थांबली. खांद्याला लसींची पेटी, हातात छत्री, आणि कपाळावरचा घाम थेट डोळ्यांत. कुंपणालगतच्या झाडाखाली उभी राहून ती बाटलीतलं पाणी पीत होती, तेवढ्यात मागच्या बैठ्या कचेरीतून एक उंच, किडकिडीत माणूस बाहेर आला. काखेत लांबट वही, कानावर पेन्सिल. त्याने घड्याळ पाहिलं, जागच्या जागी थांबला, पुन्हा पाहिलं... आणि कुणीतरी शिट्टी वाजवावी तसा तडक जाऊन त्याने पेटीचं दार उघडलं.

"काय पाळलंय आत?" तिने कुंपणावरून विचारलं.

तो दचकला. पेन्सिल गवतात पडली. "पा... पारा."

"चावतो?"

"नाही. म्हणजे... काच फुटली तर त्रास देतो."

"ते माहीत आहे. आमच्या केंद्रातून आम्ही त्याला दोन वर्षांपूर्वी हद्दपार केलं. सांडला की फरशीच्या फटीत जाऊन बसतो आणि वाफा सोडत राहतो."

"हो का?" तो गवतात पेन्सिल चाचपत होता, पण कान तिच्याकडे होते. मग एकदम भानावर येऊन म्हणाला, "एक मिनिट थांबाल? अडीचची नोंद अडीचलाच घ्यावी लागते. आणि... बोललो तर माझ्या श्वासानं आकडा वाढेल."

त्याने श्वास रोखला आणि वाकून आत पाहिलं. तिनेही श्वास रोखला. का, कोण जाणे. ती तर दहा पावलं लांब होती.

"किती?" त्याने वही मिटल्यावर तिने विचारलं.

"अडतीस पूर्णांक दोन."

"खोटं."

नऊ वर्षांच्या नोकरीत त्याला पुष्कळांनी पुष्कळ काही म्हटलं होतं, पण खोटारडं कुणी म्हटलं नव्हतं. तो कुंपणाजवळ आला. तिने लसींच्या पेटीतून तापमापक काढून त्याच्यापुढे धरला. "मी आत्ता पत्र्याच्या एका खोलीतून आले. तिथे सहज हा बाहेर काढला. त्रेचाळीस!"

"लसींचा ना? तो दोन ते आठ अंशांत खरं बोलतो. त्रेचाळीसला जरा... अंदाजपंचे."

"आणि तुमचा?"

"आमचा सावलीत असतो. खाली हिरवळ, जमिनीपासून चार फूट उंच, पांढऱ्या पेटीत. सगळ्या जगात असाच ठेवतात. म्हणजे इथला आकडा आणि समुद्रापलीकडचा आकडा एकमेकांशी बोलू शकतात." हे सांगताना त्याचा चेहरा उजळला.

"छान आहे," ती म्हणाली. "पण माझी माणसं पांढऱ्या पेटीत राहत नाहीत हो."

तो हातातल्या वहीकडे बघत उभा राहिला. तिला वाटलं, रागावला. तिने छत्री उघडली.

"किती आहेत?" त्याने मागून विचारलं. "अशा खोल्या?"

"तुम्हाला कशाला हव्यात?"

"माहीत नाही." तो खरंच विचारात पडला होता. "तिथे किती तापतं, हे मला आजपर्यंत कुणी विचारलंच नव्हतं... आणि मीही कुणाला नाही."

*

तीन दिवसांनी मोठ्या सिस्टर, म्हणजे केंद्रातल्या परिचारिकांच्या प्रमुख, तिच्या टेबलाशी आल्या. "बाहेर एक लांब माणूस उभा आहे. आजारी दिसत नाही, पण धड बराही दिसत नाही. तुला विचारतोय."

तो चपलांचा एक जुना खोका छातीशी धरून उभा होता. आत कापसात गुंडाळलेल्या बारा काचेच्या कांड्या होत्या.

"आमच्याकडे नवी यंत्रं आल्यावर हे तापमापक कपाटात पडून होते. मी सगळे ताडून पाहिलेत. पारा नाही, लाल द्रव आहे." तो अडखळला. "तुमची ती... हद्दपारी लक्षात ठेवून निवडले."

ती हसली. मोठ्या सिस्टर कपाटातल्या औषधांच्या तारखा बघत होत्या, पण त्यांच्या पाठीवरून कळत होतं की त्याही हसल्या.

बारा खोल्या ठरल्या. प्रत्येक घरी एक कांडी भिंतीवर, शेजारी एक कागद, आणि सांगणं एकच: अडीच वाजता बघायचं आणि लिहायचं. संध्याकाळी परतताना ती आकडे गोळा करून झाडाखाली आणायची. तो कुंपणाच्या आत, ती बाहेर.

आकडे पाच मिनिटांत संपायचे. मग प्रश्न सुरू व्हायचे.

"पेटी पांढरीच का?"

"ऊन परतवायला. पत्र्यालाही पांढरा चुना दिला तर दोन-चार अंश उतरतील... आता माझा प्रश्न. म्हाताऱ्या माणसांना तहान कमी का लागते?"

"वयानुसार ती जाणीवच मंदावते. म्हणून मी 'तहान लागली का' असं विचारतच नाही. माठाचं झाकण उघडून बघते, सकाळपासून पाणी किती उतरलंय ते."

"म्हणजे तुम्हीसुद्धा निरीक्षकच."

"आणि तुम्ही नऊ वर्षांत एकही नोंद चुकवली नाही म्हणता? ताप आला तरी?"

"एकदा आला होता. एकशे दोन. पण तो वहीत नाही लिहिला, तो आमच्या हद्दीत येत नाही."

"आमच्या येतो," ती म्हणाली आणि लगेच छत्रीच्या काड्या मोजू लागली.

एकदा त्याने तिच्या छातीवर उलटं टाचलेलं घड्याळ पाहिलं. जुनं होतं, पण मिनिटाचाही फरक नव्हता. या बाबतीत त्याची पारख पक्की होती. "कुणी दुरुस्त केलं? फार चांगला हात आहे."

"होते एक काका," ती म्हणाली. "चला, उशीर झाला."

ती गेल्यावर तो बराच वेळ त्या 'होते'चा विचार करत राहिला.

*

आणि मग शिवणवाल्या आजींचा आकडा बिघडला.

या आजी चौथ्या गल्लीत एकट्या राहत. पत्र्याखाली एक शिवणयंत्र, एक खाट, एक खुर्ची. आजूबाजूच्या सगळ्या खोल्यांत एक्केचाळीस, बेचाळीस. आणि आजींच्या कागदावर सलग चार दिवस सत्तावीस, सत्तावीस, अठ्ठावीस, सत्तावीस.

"यंत्र गेलं," तो हळहळला.

"खोली गार असेल."

"पत्र्याखाली? चौदा अंशांनी?"

"आजी लबाड आहेत, पण इतक्या नाहीत."

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. असा न सुटणारा आकडा समोर आल्यावर दोघांचे डोळे सारखेच चमकतात, हे त्या क्षणी दोघांनाही कळलं. "उद्या माझी सुट्टी आहे," तो म्हणाला. "म्हणजे अडीचनंतर."

दुसऱ्या दिवशी आजींनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्याला पूर्ण बघायला जरा वेळच लागला.

"हा कोण?"

"हवामान कचेरीतले आहेत, आजी."

"ते कपड्यांवरून कळलं. तुझा कोण, ते विचारते आहे."

"आजी, तापमापक कुठाय?" तिने घाईने विचारलं.

"पाळण्यात," आजी म्हणाल्या आणि त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं.

खिळ्याला टांगलेल्या कांडीच्या खालच्या टोकाला मलमलीचं इवलंसं टोपडं होतं. बारीक टाचांचं, मापात बसवलेलं. त्याचा बंद खाली पाण्याच्या वाटीत बुडलेला, आणि सगळं टोपडं ओलंचिंब.

"तूच सांगून गेलीस ना?" आजी तिला म्हणाल्या. "अंग तापलं की ओलं फडकं ठेवायचं. मी पाहिलं, बिचारी कांडी बेचाळीसवर. फणफणली होती! फडकं सारखं वाळायचं, म्हणून शिवूनच टाकलं. आता बरी आहे, सत्तावीस."

तो खाली बसला. नुसता बसला नाही. भिंतीला टेकून दोन्ही हातांनी तोंड झाकून हसू लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"याला काय झालं?" आजी घाबरल्या. "ऊन लागलं का?"

"आजी," तो उठून हात जोडत म्हणाला, "एक टोपडं मलाही शिवून द्याल? तुमची शिलाई माझ्यापेक्षा फार सरस आहे." आणि तिच्याकडे वळून, "चला. तुम्हाला काहीतरी दाखवायचं आहे."

त्या दिवशी ती पहिल्यांदा कुंपणाच्या आत गेली. त्याने पांढऱ्या पेटीचं दार उघडलं. आत दोन तापमापक शेजारी शेजारी उभे होते. एक उघडा. दुसऱ्याच्या टोकाला मलमल, तिचा धागा छोट्या बाटलीतल्या पाण्यात.

"अगबाई... यालाही टोपडं!"

"जगभर घालतात. कोरडा तापमापक हवा किती तापली ते सांगतो. ओला सांगतो की पाणी वाळायला हवा किती वाव देते आहे. फडकं भराभर वाळलं तर तो खूप खाली उतरतो. हवाच दमट असेल तर फडकं वाळत नाही, आणि तो फारसा उतरत नाही."

ती त्या ओल्या मलमलीकडे टक लावून पाहत होती. "म्हणजे... हे फडकं म्हणजे माणसाचं अंगच की."

"कसं?"

"घाम. अंगावरचा घाम वाळला तर अंग गार पडतं. नाही वाळला तर..." ती थांबली. तिचा आवाज बदलला. "तुमच्याकडे जुन्या वह्या असतात ना? गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली एकवीस तारीख काढाल?"

त्याने कचेरीतून वही आणली. बोट ओळीवरून सरकलं. "अडीच वाजता. कोरडा, सदतीस."

"आणि ओला?"

"साडेएकतीस." तो चमकला. "अंतर फक्त साडेपाच. फार वाईट दिवस होता हा."

ती हिरवळीवर बसली. छातीवरचं घड्याळ मुठीत धरून म्हणाली, "त्या दिवशी घड्याळकाका केंद्रात आले होते. म्हणाले, जीव घाबरा होतोय, थंड खोलीत जरा बसू दे. आमच्याकडे एक मोठी खोली आहे, उन्हाळ्यासाठी. पंखे, गार हवेची यंत्रं, खाटा. तुमच्या कचेरीने चाळीसचा इशारा दिला तरच उघडते. मी म्हटलं, काका, आज सदतीसच आहे. घरी जाऊन पडा... आणि ते गेले. घरी. संध्याकाळी शेजाऱ्यांना सापडले."

त्याचं बोट अजून त्या ओळीवरच होतं.

"तो चाळीसचा नियम कुणाचा आहे, माहीत आहे? माझा. वीज वाचवायची म्हणून मीच लिहिला. वीज जाळून आपणच हवा तापवतो आणि त्याच हवेने आजारी पडलेल्यांना तपासतो, असं छान भाषण केलं होतं मी. टाळ्या पडल्या होत्या." तिने डोळे पुसले. "वर्षभर विचारते आहे स्वतःला. सदतीसला माणूस जातो कसा?"

तो तिच्याशेजारी, हातभर अंतर ठेवून, गवतावर बसला.

"हे साडेएकतीस," तो हळू म्हणाला, "माझ्या अक्षरात आहे. मीच लिहिलं. नऊ वर्षं दिवसातून दोनदा लिहितो आहे आणि वही मिटतो आहे. ते कुणाला हवं असेल, असं मनातही आलं नाही. तुम्हाला एक आकडा माहीत होता, मला दुसरा. मधे फक्त हे कुंपण होतं."

तिने मान वर करून पाहिलं. त्याच्या डोळ्यांत आता पेटीतलं काही वाचायचा आव नव्हता. तो तिलाच पाहत होता... आणि या खेपेला त्याने नजर वळवली नाही.

*

केंद्राच्या मोठ्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. ते वाईट नव्हते, नुसते दमलेले होते.

"नियम तुझाच आहे ना?"

"हो, सर. चुकला."

"आता एका आजीच्या टोपड्यावरून केंद्र चालवू म्हणतेस?"

"टोपड्यावरून नाही, सर. दोन आकड्यांतल्या अंतरावरून. हवा पस्तीसच्या वर असताना ते सहापेक्षा कमी झालं की खोली उघडायची, चाळीसची वाट बघायची नाही."

"आणि वीज?"

"उपकरणं वाफेने निर्जंतुक करायचं आपलं यंत्र दिवसातून तीनदा लागतं. तिन्ही वेळा अर्धं रिकामं. मी पंधरा दिवस झाकण उघडून पाहिलंय. आधी नीट भरून घेतलं तर दोनदा पुरतं. आणि गार हवेच्या यंत्रांआधी खिडक्यांना जाड पडदे लावून ऊन बाहेरच अडवू."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "लिहून दे. पुढच्या महिन्याच्या बैठकीत ठेवतो. तोपर्यंत जुना नियम."

पुढचा महिना दोन आठवडे लांब होता. हवा तेवढी थांबली नाही.

तिसऱ्याच दिवशी ढग आले आणि वर चिकटून बसले. पाऊस नाही, वारा नाही, झाडाचं पान हलत नव्हतं. हवामान कचेरीबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं: कमाल छत्तीस, इशारा नाही. लोक म्हणत होते, बरं झालं, ऊन उतरलं.

दुपारी पावणेदोनला ती आजींकडे पोचली. आता तिथे दोन कांड्या होत्या, एक उघडी आणि एक टोपड्याची. उघडी अडतीस. टोपड्याची तेहतीस.

आजी सुईत दोरा ओवत होत्या. दोरा चुकला. पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा चुकल्यावर त्या चिडून म्हणाल्या, "या सुईला कुणी भोकच ठेवलं नाही." मग तिच्याकडे पाहून ओळखीचं हसल्या. "ताई, तू कधी आलीस गं?"

आजींची ताई, थोरली बहीण, जाऊन वीस वर्षं झाली होती.

तिने आजींचा हात धरला. कातडी तापलेली, नाडी पळत होती. तिने फोन लावला. "माझ्याकडे अंतर पाच आलंय. तुमच्याकडे?"

"थांबा." धावल्याचा आवाज, झडपेचा आवाज. "पाच पूर्णांक तीन."

"आणि त्या एकवीस तारखेला..."

"साडेपाच." मग तो म्हणाला, "खोली उघडा."

"मला हुकूम नाही."

"मलाही नाही. मी येतो."

चौथ्या गल्लीत रुग्णवाहिका शिरत नाही. तिने आजींना घोटघोट पाणी दिलं, मानेला, काखेत ओली फडकी ठेवली, शिवणयंत्रापुढची खुर्ची मोकळी केली. तो धापा टाकत आला तेव्हा तिला फक्त त्याचे भिजलेले खांदे दिसले. आजींना खुर्चीत बसवून त्यांनी उचललं. ती उजवीकडे, तो डावीकडे.

"हा लांब मुलगा कोण?" आजी पुटपुटल्या.

"हवामान कचेरीतले, आजी."

"ते नाही विचारलं..." आणि त्यांची मान कलली.

केंद्राच्या दारात मोठ्या सिस्टर उभ्या होत्या. त्यांनी एकदा खुर्चीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग किल्ली पुढे केली. "मला काही माहीत नाही. किल्ली माझ्या टेबलावरून पडली आणि तू उचललीस. पळ!"

खोली उघडली. पंखे घरघरले, ओल्या चादरी आल्या, बर्फ आला. ती आणि मोठ्या सिस्टर एक शब्दही न बोलता काम करत होत्या. असं काम पाहताना त्याला वाटलं, आपली वही किती सोपी होती. मग तिने मान वर न करता म्हटलं, "उरलेल्या अकरा खोल्या. जाल?"

तो निघाला होता.

चार वाजेपर्यंत थंड खोलीत नऊ माणसं होती. कुणी नुसतेच घामाघूम, कुणी मळमळलेले. एक पेन्शनर सारखे म्हणत होते, "मला काही झालेलं नाही, हा उंच माणूस ऐकेचना." मोठे डॉक्टर दारात येऊन थांबले. त्यांनी सगळ्या खाटा पाहिल्या, आजींची नाडी पाहिली, बराच वेळ पाहिली.

"इशारा होता?"

"नाही, सर." तिने हात पुसले. "किल्ली मी घेतली. जबाबदारी माझी."

"बाहेर किती?"

"छत्तीस. अंतर पाच."

डॉक्टरांनी भिंतीवरच्या फळ्यापाशी जाऊन चाळीसचा नियम बोळ्याने पुसला. खडू तिच्या हातात दिला. "तुझ्या अक्षरात लिही. बैठकीत मी सांगतो काय सांगायचं ते."

पहिली ओळ लिहून ती थांबली, कारण मागून एक बारीक आवाज आला.

"दोरा दे गं कुणीतरी." आजी डोळे उघडून स्वतःच्या पदराची निघालेली शिवण तपासत होत्या. "आणि तो गेला कुठे, तुझा तो?"

या वेळी ती 'हवामान कचेरीतले' असं म्हणाली नाही. ती म्हणाली, "येईल."

*

दुसऱ्या दिवशी ती अडीचच्या आधीच कुंपणापाशी आली. फाटक उघडंच होतं.

तो वही घेऊन पेटीजवळ उभा होता. चेहरा असा, जणू शाळेत घरचा अभ्यास करून आला नव्हता.

"काय झालं?"

त्याने वही पुढे केली. कालची तारीख. साडेआठची नोंद होती. अडीचच्या ओळीत दोन्ही रकाने कोरे. नऊ वर्षांतली पहिली कोरी जागा.

"पावणेदोनचा आकडा फोनवर सांगितला, तो लिहिता येत नाही. नियम अडीचचा आहे. आणि अडीचला मी..."

"चौथ्या गल्लीत होतात."

"हो. शेवटच्या रकान्यात कारण लिहावं लागतं. शेरा म्हणून."

तिने शेवटचा रकाना वाचला. त्याच्या बारीक, नेटक्या अक्षरात शाईने लिहिलं होतं: 'निरीक्षक पेटीपाशी नव्हता. आजींच्या खुर्चीची डावी बाजू धरून होता. उजवीकडे सिस्टर होत्या.'

"हे तुमचे वरिष्ठ वाचतील!"

"वाचू देत."

"उजवीकडे कोण होतं, ते लिहायची काय गरज होती?"

"मीही हाच विचार करत होतो. रात्रभर." त्याने कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा लावली. "नोंदीत गरजेचं तेवढंच लिहायचं असतं. मी खोडायला गेलो... पण मला ते गरजेचं वाटलं."

तिने घड्याळाकडे पाहिलं. घड्याळकाकांच्या हातचं ते घड्याळ अचूक अडीच दाखवत होतं. "वेळ झाली. दार उघडा."

त्याने दार उघडलं. ओल्या तापमापकाला आता आजींच्या हातचं नवं टोपडं होतं, काठाला बारीक झालर लावलेलं. दोघं शेजारी वाकली. दोघांनी श्वास रोखला.

एक... दोन... तीन.

"मला तुमच्याशी..." तो एकदम बोलून गेला.

"बोलू नका ना! वाढेल."

"वाढू दे. नाहीतर मी पुढची नऊ वर्षं आकडेच सांगत बसेन." त्याचे कान लाल झाले होते. "मला रोज संध्याकाळी कुंपणाच्या एकाच बाजूला उभं राहायचंय. तुमच्याबरोबर. आणि संध्याकाळनंतरही... म्हणजे आयुष्यभर. तुमची हरकत नसेल तर."

ती काचेकडेच बघत होती. काचेतली बारीक चंदेरी रेघ, तिच्या डोळ्यांसमोर, एका घराने वर सरकली.

"वाढला," ती कुजबुजली.

"माझ्या श्वासानं."

"मीही सोडला माझा. आत्ता." तिने त्याच्या कानावरची पेन्सिल काढून त्याच्या हातात दिली आणि पहिल्यांदाच त्याला अहो-जाहो न करता म्हणाली, "आता काय लिहिशील?"

तो वही उघडून उभा राहिला. पेन्सिल कागदावर टेकली, उचलली. आपल्या कामात तो फार प्रामाणिक होता.

"पाच मिनिटं थांबून पुन्हा बघावं लागेल," तो म्हणाला. "गप्प राहून."

"थांबू या की," ती म्हणाली, आणि पेटीचं दार हलकेच लावून त्याच्याशेजारी उभी राहिली.